मुंबईचा दगड ओळखावा कसा

खडक आणि खनिजे ओळखण्याची मार्गदर्शक पुस्तिका विकत घेतल्यावर बहुतेक जण पहिल्याच दिवशी एक चूक करतात. एका हातात दगड धरून दुसऱ्या हाताने ते पाने उलटत जातात आणि ज्या छायाचित्राशी रंग जुळेल त्याचे नाव दगडाला देऊन मोकळे होतात. माझे म्हणणे असे आहे की पुस्तिका सर्वांत शेवटी उघडावी. आधी दगडाची नीट चौकशी करावी, मिळालेली उत्तरे वहीत लिहून काढावीत, आणि मगच त्या उत्तरांना जुळणारे वर्णन पुस्तिकेत शोधावे. रंग हा खनिजाचा सर्वांत कमी भरवशाचा गुण आहे. एकच क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे खनिज, पांढरा, जांभळा, गुलाबी किंवा धुरकट असू शकतो, आणि पांढरी खनिजे तर एकट्या महाराष्ट्रात डझनांनी सापडतात.

पुस्तिका निवडताना छायाचित्रांच्या देखणेपणाला भुलू नये. प्रत्येक खनिजापुढे काठिण्य, कस (घासल्यावर पडणाऱ्या भुकटीचा रंग), चमक, पाटन (ठरावीक सपाट पृष्ठांवर फुटणे), विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड) आणि सोबत आढळणारी खनिजे दिली आहेत का, एवढे पाहावे. यांपैकी दोन-तीन गुण गाळलेले असतील तर ते पुस्तक चाळायला चांगले, ओळखायला निरुपयोगी. दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक पुस्तिका परदेशी नमुन्यांवरून तयार केलेल्या असतात आणि त्यांत शेकडो खनिजे असतात. त्यांतली मुंबई आणि आसपासच्या परिसरात भेटण्याजोगी खनिजे वीसच्या आतबाहेर भरतील. म्हणून पुस्तिका आणल्यावर पहिल्या संध्याकाळी पेन्सिल घेऊन या वीस नावांपुढे खूण करावी. पुढचे निम्मे काम तिथेच हलके होते.

पायाखाली काय आहे

ही खूण कुठे करायची हे कळण्यासाठी आपण कशावर उभे आहोत ते माहीत असावे लागते. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या लाव्ह्याने बनलेला आहे. हे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाले आणि आजही त्यांचे खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. मुंबईतले काही खडक त्यानंतरचे, सुमारे ६ ते ६.२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही अशाच बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाची, सुमारे ६१ मीटर उंचीची टेकडी आहे. तिचे उभे, बहुकोनी खांब लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे पडलेल्या भेगांमधून तयार झाले. खांब कसे दिसतात हे चित्रातून शिकण्याऐवजी तिथे जाऊन खालून वर पाहावे. तिथला दगड मात्र फोडायचा नाही, कारण ती संरक्षित वारसा आहे.

तरीही मुंबई म्हणजे केवळ काळा पत्थर नव्हे, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. मढ, मनोरी आणि गोराईच्या बाजूला ट्रॅकाइटासारखे फिकट, राखाडी ते पिवळसर ज्वालामुखी खडक आहेत. वरळी आणि शिवडीच्या परिसरात उशीसारख्या गोलाकार गाठींचा लाव्हा आढळला आहे; लाव्हा पाण्यात शिरला की तो अशा गाठींनी थिजतो. वरळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. कान्हेरी आणि महाकाली येथील लेणी ज्वालामुखी ब्रेशियात, म्हणजे तुटलेल्या लाव्ह्याचे कोनदार तुकडे पुन्हा एकत्र सांधून झालेल्या खडकात कोरलेली आहेत. पुस्तिकेत खुणा करताना हे सगळे ध्यानात घ्यावे.

ग्रॅनाइट, नाइस, संगमरवर किंवा गारनेटयुक्त शिस्ट मात्र मुंबईच्या मूळ खडकात नाहीत. जुहूच्या वाळूत गुलाबी ग्रॅनाइटचा गोटा सापडला तर तो कुठल्यातरी बांधकामाच्या राडारोड्यातून आलेला आहे असे धरून चालावे. किनाऱ्यावर लाटांनी घासून गुळगुळीत केलेली वीट, काँक्रीट, फरशी आणि बाटलीची काच इतकी बेमालूम दिसते की पहिल्या काही फेऱ्यांत अर्धी पिशवी त्यांनीच भरते. तुटलेल्या बाजूला भिंगातून पाहावे. विटेत भाजलेल्या मातीचा एकजीव लाल पोत दिसतो आणि काँक्रीटमध्ये सिमेंटच्या राखाडी लगद्यात रुतलेली खडी दिसते.

पहिला सराव घरातच

रानात जाण्यापूर्वी एक रविवार घरातल्या दगडांना द्यावा. मुंबईच्या घराघरांत देशभरचे खडक बसवलेले आहेत. जुन्या चाळीच्या जिन्यावर शहाबादी फरशी असते, व्हरांड्यात कोटा, स्वयंपाकघरात कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा ओटा आणि देव्हाऱ्याखाली संगमरवर. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडक आहेत, आणि संगमरवर हा उष्णता व दाबाखाली रूपांतर पावलेला चुनखडक. यांचा एखादा फुटका तुकडा मिळवून त्यावर चाकूने थोडी भुकटी करावी आणि भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बारीक बुडबुडे उठतात, कारण चुनखडकातल्या कॅल्साइटवर आम्लाची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. ग्रॅनाइटच्या भुकटीवर असे काही होत नाही. बसवलेल्या ओट्यावर हा प्रयोग करू नये, डाग कायमचा राहतो.

काळ्या ओट्याकडेही या निमित्ताने नीट पाहावे. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुधा ग्रॅनाइट नसून गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. बेसाल्टच्याच घराण्यातला हा खडक जमिनीखाली सावकाश थंड होतो, म्हणून त्याचे कण मोठे राहतात. आजीचा पाटा-वरवंटा घरात असेल तर दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून पाहावे. वरवंट्याच्या बेसाल्टचे कण डोळ्यांना जेमतेम जाणवतात, ओट्याचे स्पष्ट दिसतात. कणांच्या आकारावरून खडक कुठे आणि किती वेगाने थंड झाला हे वाचता येते, आणि हा धडा कोणत्याही आकृतीपेक्षा चांगला मुरतो.

दुसरा सराव फोर्टात करावा. मुंबई उच्च न्यायालयाची भिंत काळ्या दगडाची आहे. १८७८ साली पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरला कुर्ल्याचा फिकट पिवळसर दगड वापरलेला आहे. त्या परिसरातल्या कोरीव कामात पोरबंदरचा चुनखडकही दिसतो. हातोडीला स्पर्श न करता, केवळ दहापट भिंगाने, एका सकाळी तीन वेगळे खडक शेजारीशेजारी अभ्यासता येतील अशा जागा फार थोड्या शहरांत असतात. भिंग वापरण्याचीही एक रीत आहे. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवावे आणि दगड, किंवा भिंतीपाशी असाल तर स्वतःचे डोके, पुढे नेत न्यावे. भिंग दगडावर धरून लांबून वाकून पाहिले तर काहीही नीट दिसत नाही.

दगडाला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न काठिण्याचा. खनिजशास्त्रज्ञ मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या काठिण्याच्या श्रेणीत शंखजिरे १ आणि हिरा १०, आणि मधे अनुक्रमे जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्झ, पुष्कराज व कुरुंद येतात. खिशात ही सगळी खनिजे बाळगायची गरज नसते. बोटाचे नख सुमारे २.५, तांब्याची तार सुमारे ३, चाकूचे पाते आणि खिडकीची काच सुमारे ५.५ आणि पोलादी कानस सुमारे ६.५ अशी मापे पुरतात. पुस्तकांत तांब्याचे नाणे लिहिलेले असते, पण आपली हल्लीची नाणी शुद्ध तांब्याची नसल्याने विजेच्या वायरीतली जाड तार सोलून घ्यावी. ओरखडा काढल्यावर ओल्या बोटाने पुसून पाहावे. पुसला गेला तर दगडावर ओरखडा पडलेलाच नाही, ती धातूची उतरलेली रेघ आहे. ही एक सवय न लागल्यामुळे कित्येक गारगोट्या मऊ ठरवल्या जातात.

दुसरा प्रश्न पाटनाचा, आणि मुंबईच्या खनिजांसाठी मी त्याला सर्वांत वरचे स्थान देते. काही खनिजे फुटताना ठरावीक सपाट पृष्ठांवरच फुटतात. कॅल्साइट तीन दिशांनी फुटतो आणि त्याचे तिरक्या चौकटीसारखे तुकडे पडतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि ॲपोफिलाइट यांना एकेकच उत्तम पाटन असते आणि त्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक दिसते. क्वार्ट्झला उपयोगी पडेल असे पाटन नसते, तो काचेसारखा वक्र खपल्यांनी फुटतो. दगड उन्हात हळूहळू फिरवावा. एकाच कोनात सगळी पृष्ठे एकदम लखलखली तर ते पाटन समजावे.

कसाबद्दल थोडक्यात. सोनार कसोटीवर सोने घासतो, त्याच तत्त्वाने बिनचकाकीच्या टाइलच्या पाठीवर खनिज घासून भुकटीचा रंग पाहायचा असतो. हेमॅटाइट लालसर तपकिरी रेघ देतो आणि मॅग्नेटाइट काळी. आपल्याकडच्या पोकळ्यांतली बहुतेक खनिजे पांढरीच रेघ देतात, म्हणून या कसोटीवर फार वेळ घालवू नये.

वजनाची कसोटी मात्र लोक विनाकारण टाळतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असला की ती घरी जमते. स्वच्छ, मातृखडक (ज्यावर तो वाढला तो खडक) न चिकटलेला स्फटिक आधी कोरडा तोलावा. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि स्फटिक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा लोंबता धरावा. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे घन सेंटिमीटर त्याचे आकारमान. ६५ ग्रॅमच्या स्फटिकाने काटा ३० दाखवला तर विशिष्ट गुरुत्व सुमारे २.१७ येते आणि ते स्टिल्बाइटशी जुळते. तोच आकडा २४ आला असता तर २.७१, म्हणजे कॅल्साइट.

पोकळीतले पाहुणे

दख्खनच्या बेसाल्टची खरी श्रीमंती त्याच्या पोकळ्यांत आहे. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे थिजून कुहरे राहिली आणि पुढे त्यांतून फिरणाऱ्या उष्ण पाण्याने त्यांत खनिजे साकळली. अशा पांढऱ्या ठिपक्यांच्या, काहीशा ठिसूळ बेसाल्टला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. या पोकळ्यांतला मोठा गट झिओलाइटांचा. स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोन्स्टेट यांनी १७५६ मध्ये हे नाव दिले. तापवल्यावर या खनिजातले पाणी उकळल्यासारखे बाहेर पडते, म्हणून ग्रीक भाषेतून ‘उकळणारा दगड’ असा त्याचा अर्थ.

एक नमुना सविस्तर सांगते. मालाडच्या पूर्वेला एका इमारतीच्या पायाचे खोदकाम चालू होते. मुकादमांची परवानगी घेऊन मी कडेला उभी होते. ते म्हणाले, “ताई, खाली उतरू नका, कडा सैल आहे. तुम्ही दाखवा, मी पोराकडून वर आणवतो.” असा आलेला तुकडा नारळाएवढा होता आणि त्यात लिंबाएवढी पोकळी होती. पोकळीच्या भिंतीला गडद हिरवा, नखाने खरवडला जाणारा पातळ थर होता. त्यावर मधोमध आवळून दोन्ही टोकांना पसरलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे पांढरे स्फटिक होते, आणि त्यांच्याही वर दोन-तीन मधाळ रंगाचे तिरके चौकोनी स्फटिक.

पुस्तिका पिशवीतच ठेवून मी वहीत लिहिले: पेंढीवर तांब्याच्या तारेचा ओरखडा नाही, चाकूचा आहे, एका बाजूला मोत्याची चमक, व्हिनेगरला बुडबुडे नाहीत. चौकोनी स्फटिकावर तारेने जेमतेम खूण उठते, भुकटीवर बुडबुडे येतात, पाटन तीन दिशांचे. घरी येऊन पुस्तिका उघडली तेव्हा शोधायला फारसे काही उरलेच नव्हते. पेंढी स्टिल्बाइटची होती, चौकोनी स्फटिक कॅल्साइट आणि हिरवा थर बहुधा सेलॅडोनाइट. शिवाय त्या पोकळीचा इतिहासही हाती आला, कारण जे वर बसले आहे ते नंतर वाढलेले आहे: आधी हिरवा थर, मग स्टिल्बाइट, शेवटी कॅल्साइट.

गोंधळ होणाऱ्या जोड्या वेगळ्या लिहून ठेवाव्यात. ह्यूलँडाइट आणि स्टिल्बाइट यांचे काठिण्य सारखेच, ३.५ ते ४. पण ह्यूलँडाइटचा स्फटिक मधे रुंद आणि टोकांना निमुळता, शवपेटीसारखा असतो. ॲपोफिलाइट काटेकोर अर्थाने झिओलाइट नव्हे, पण त्यांच्याच संगतीत राहतो. त्याचे चौकोनी खांब क्वार्ट्झसारखे भासतात. मात्र त्याच्या बाजूंवरच्या बारीक रेघा उभ्या असतात आणि क्वार्ट्झच्या आडव्या. शिवाय चाकूने ॲपोफिलाइटवर ओरखडा पडतो, क्वार्ट्झवर पडत नाही. फिकट हिरव्या, द्राक्षांच्या घडासारख्या गाठी असतील आणि चाकू चालत नसेल तर प्रेहनाइट पाहावा. कापसाच्या पांढऱ्या गोळ्यासारखा दिसतो तो ओकेनाइट. सुयांसारखे स्फटिक असले तर स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट यांच्यातला फरक भिंगाने करणे जवळजवळ अशक्य असते. तिथे ‘नॅट्रोलाइट गट’ एवढेच लिहून थांबावे. अर्धवट पण खरे नाव हे पूर्ण पण चुकीच्या नावापेक्षा केव्हाही मोलाचे असते.

विकत घेताना एक सावधगिरी बाळगावी. घाटातल्या एका रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून मी गडद निळ्या कापसी गोळ्यांचा नमुना घेतला होता. तो रंगवलेला ओकेनाइट निघाला. मुळात तो पांढरा असतो. रंग भेगांत आणि तंतूंच्या बुडाशी गडद साचलेला दिसला तर तो नमुना घेऊ नये.

गोळा करताना

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून, लेण्यांतून आणि कोणत्याही संरक्षित स्मारकापासून खडाही उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे आणि राष्ट्रीय उद्यान त्याच्या कक्षेत येते. कायद्याचा धाक नसता तरी तिथला दगड सर्वांचा आहे, आपल्या कपाटाचा नाही. रेल्वेमार्गावरची खडी बेसाल्टचीच असली तरी रुळांजवळ मुळीच जाऊ नये. खाण आणि खोदकामाच्या जागी मालकाची परवानगी घ्यावी, शिरस्त्राण घालावे आणि उभ्या कड्याखाली थांबू नये. पावसाळ्यात दरडी सैल असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मढ किंवा मनोरीला जाताना भरती-ओहोटीची वेळ पाहून ओहोटीला पोचावे आणि शेवाळलेल्या खडकावर घाई करू नये.

हातोडी एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला टोकदार अशी भूवैज्ञानिकांची असावी. सुताराच्या हातोडीची कड पोलादी कपच्या होऊन उडते. एका हातोडीवर दुसरी हातोडी मारू नये, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय पहिला घावही घालू नये. फोडायचेच तर पडलेला दगड फोडावा. स्फटिकांची पोकळी अखंड दिसत असेल तर ती खडकातून उपसून काढण्याऐवजी छायाचित्र घेऊन तिथेच राहू द्यावी, कारण दहांपैकी नऊ वेळा ती काढताना भुगा होते.

प्रत्येक तुकडा उचलताक्षणी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत लिहून जागा, तारीख, कोणत्या खडकातून आला आणि सोबत काय होते हे नोंदवावे. लिहायला पेन्सिल वापरावी. मुंबईच्या दमट हवेत आणि घामट हातांत शाई फुटते. माझ्या पहिल्या दोन वर्षांचे तीसेक दगड बिस्किटांच्या डब्यात बिनक्रमांकाचे राहिले. त्यांतले काही फार सुंदर आहेत, पण ते कुठून आले हे आता सांगता येत नसल्याने अभ्यासाच्या दृष्टीने त्यांची किंमत उरलेली नाही. ते मी आता शेजारच्या मुलांना काठिण्याच्या सरावासाठी देते.

धुण्यासाठी मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. झिओलाइटांवर आम्ल वापरू नये, कारण त्यांतली काही आम्लात विरघळून चिकट होतात. ओकेनाइटला पाणीही लावू नये, त्याचे तंतू एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा मोकळे होत नाहीत. लॉमोंटाइट कोरड्या हवेत पाणी गमावून पांढरा पडतो आणि भुरभुरतो, म्हणून तो सिलिका जेलच्या डब्यात ठेवू नये. घरी नमुन्याच्या न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहावा, म्हणजे चिठ्ठी हरवली तरी वहीशी दुवा तुटत नाही. नाव पुढे चुकीचे ठरले तर जुने नाव खोडरबराने पुसू नये. त्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी नवे नाव, तारीख आणि कोणत्या कसोटीवरून बदलले ते लिहावे.